जनूभाऊचा दहावा

गोविंदबुवा पुराणिकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता आणि बुवांच्या डोक्यावर छत्री होती. बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात छत्री घेऊन हिंडणारा हा एकच माणूस असावा. लोक येता-जाता विचारायचे, "काय बुवा, कुठं पडतोय?" बुवा थांबायचे, छत्री मागे कलती करून वर बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "अजून नाही." मग पुढे चालू लागायचे. हे रोज कितीदा तरी व्हायचं. पण विचारणाऱ्याला किंवा सांगणाऱ्याला त्याचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही.

छत्री मोठी होती आणि फार म्हातारी होती. कापड विटून तपकिरीकडे झुकलेलं, एक काडी बाहेर आलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. बुवा कुठे बसले की ती उघडीच शेजारी जमिनीवर टेकवून ठेवायचे. घरातही ती कोपऱ्यात उघडीच असायची. एकदा मिटली तर पुन्हा उघडणार नाही, असं त्यांना छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका तांबटाने सांगून ठेवलं होतं. त्या भीतीने त्यांनी ती कित्येक वर्षांत मिटवलीच नव्हती. त्यामुळे बुवा कुठेही असोत, लांबून आधी छत्री दिसायची आणि मग बुवा.

मी तेव्हा नुकताच पास होऊन लागलेला ओव्हरसियर. काष्टीच्या पलीकडे माळावर माळवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे दुष्काळी कामावर पाझर तलावाचा बांध घालायचा होता, आणि बुवा माझ्या हाताखाली मजुरांची हजेरी घ्यायला होते. त्यांचा पिढीजात धंदा मारुतीच्या देवळात पुराण सांगण्याचा. पण त्या वर्षी पुराणिकाला शिधा कोण देणार? म्हणून सरकारी मस्टर हातात आलं. ते मस्टरही त्यांनी पोथीसारखंच वाचलं. "किसन बिन बाबूराव" हे नाव ते असं लांबवत, वर नेऊन खाली आणत म्हणायचे की किसनला आपण सूर्यवंशात जन्मल्याचा भास व्हावा. "हौसाबाई भ्रतार गणपत" म्हणताना आवाजात किंचित कारुण्य यायचं, कारण गणपत वारला होता. हौसाबाई टोपलं कमरेला लावून उभी असायची. "बुवा, जरा उरका. मेलेल्याला कशाला आळवताय, जित्याला ऊन लागतंय," असं ती म्हणायची. बुवा "असो" म्हणून पुढच्या नावाकडे वळायचे.

"असो" हा त्यांचा शब्द. दुसरं एक वाक्य होतं, "पोथीत आहे तेवढंच." याचा मला एकदा चांगलाच अनुभव आला. श्रावणात देवळात पुराण चाललं होतं आणि बाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला. एका क्षणात देऊळ रिकामं झालं. खांबाला टेकून मी एकटा उरलो, आणि एक कुत्रं. बुवांनी मान वर करून पाहिलं, आणि अध्याय पुरा केला. एकही ओवी सोडली नाही. ते घरी पोचले तेव्हा टँकर निघून गेला होता आणि त्यांच्या पत्नी, काकू, रिकाम्या कळशीशेजारी तोंड फिरवून बसल्या होत्या.

मी म्हटलं, "बुवा, आज दहा-वीस ओव्या गाळल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"गाळायला तो काय चहा आहे?" बुवा म्हणाले. "राजा अरण्यात वाट चुकलाय. त्याला तिथेच सोडून मी पाण्याच्या रांगेत उभा राहू?"

असा हा माणूस. त्याने पुढे जे केलं त्याला मी साक्षीदार नसतो, तर माझा तरी विश्वास बसला नसता.

त्याचं मूळ काष्टीच्या तंबूत होतं. मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी बाजारतळावर टूरिंग टॉकीज आली होती. तिने एक इंग्रजी चित्रपट दाखवला. एक माणूस रॉकेटमध्ये बसून एकटाच मंगळावर जातो. त्याच्या मागून बायकापोरांनी भरलेलं मोठं जहाज येणार असतं, आणि ते येण्याच्या आत याने तिथे पाणी शोधून ठेवायचं असतं. पण उतरताना रॉकेट मोडतं, माणूस तांबड्या मातीत एकटाच उभा राहतो, आणि तिथेच चित्रपट संपतो! पुढचं दुसऱ्या भागात. माळवाडीच्या लोकांनी हे मनाला फार लावून घेतलं. औत चालवताना, भाकरी खाताना, कुणाच्या लग्नात जेवायला बसताना एकच विषय, त्याला पाणी लागलं का? मंगळाचं काहीही असलं तरी ते पत्रिका बघणाऱ्या बुवांना ठाऊक असणार, या हिशोबाने सगळे त्यांना विचारायचे. बुवा जन्मात कधी तंबूत गेले नव्हते. ते सांगणार काय?

आणि माझ्या ट्रंकेत त्याच कथेची कादंबरी निघाली. पुण्याला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलेली, जाडजूड, इंग्रजी. तो चित्रपट म्हणजे तिचा पूर्वार्ध होता. हे कळल्यावर संध्याकाळी बुवा माझ्या खोलीवर आले. छत्री दारातून आत यायला वेळ लागला.

"साहेब, मंगळाचा ग्रंथ तुमच्याकडे आहे म्हणतात."

"आहे."

"सबंध?"

"सबंध."

"मग रोज थोडं मला मराठीत सांगा. मला एका कामासाठी हवाय."

ते काम म्हणजे विहीर. देवळामागची गावची विहीर आटली होती. दिवसभर बांधावर माती वाहून झाली की गडी माणसं तासभर तिच्यात उतरून ती खोल करत. पण खाली काळा कातळ लागला होता. घण मारला की ठिणगी उडायची आणि चिमूटभर कपची निघायची. माणसं एकेक करून यायची थांबत होती. सगळ्यांत दांडगा गडी किसन, त्यानेही पिंपरी-चिंचवडला जायचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, आणि किसन गेला की त्याच्यामागे अर्धं गाव जाणार हे उघड होतं. "गाव उठलं की उठलं, साहेब," बुवा मला म्हणाले. "मग देवळाला कुलूप. मी पुराण कुणाला सांगू? भिंतींना?" त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या हातात घण पेलणार नव्हता. त्यांना येत होतं एकच, गोष्ट सांगणं.

तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीच्या काठावर बैठक मारली, शेजारी छत्री टेकवली आणि अट जाहीर केली. घण चालू तोवर कथा चालू. घण थांबला की कथा थांबली.

नायकाचं इंग्रजी नाव त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. "परक्या नावाच्या माणसासाठी कोण घण मारून दंड भरून घेईल? जनार्दन म्हणू." दोन दिवसांत लोकांनी त्याचा जनूभाऊ केला.

काय सांगू त्या कथेचा थाट! खाली घणाचा ठोका, वर बुवांचा आवाज, आणि काठावर टोपली ओढणाऱ्या बायका. लोक नुसते ऐकत नसत, जनूभाऊच्या कामात लक्ष घालत.

"बुवा, त्यानं भोक कुठं घेतलंय?"

"ओढ्याच्या काठी."

"मंगळावर ओढा हाय?"

"आहे. वाळलेला."

"मंग आपल्यावानीच की," खालून किसन म्हणाला. "वाळल्या ओढ्याला काय लागतंय? सांगा त्याला, वरच्या अंगाला घे म्हनावं."

हौसाबाईला वेगळीच काळजी. "त्याला भाकरी कोन करून घालतं?"

"भाकरी नाही. गोळ्या खातो."

"गोळ्या? अन् दिसभर घन मारतो?" तिने कपाळाला हात लावला. "जनू, मरशील रे बाबा."

एकदा किसनने विचारलं, की मानूस मंगळावरच गेल्यावर त्याच्या पत्रिकेतल्या मंगळाचं काय झालं? बुवांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की त्याच्या पत्रिकेत आता मंगळाच्या जागी पृथ्वी मांडायची आणि ती वक्री धरायची. सगळ्यांना हे पटलं. मलाही पटल्यासारखं वाटलं, हे मी कुठे बोललो नाही.

गळालेली माणसं विहिरीवर परत आली. किसनच्या गाठोड्यावर धूळ बसली. इकडे कंदिलाच्या उजेडात मी कादंबरी वाचत, अडखळत मराठीत सांगत होतो, आणि अशीच ती एका संध्याकाळी संपली. नायकाच्या टाकीतलं पाणी संपतं. तो शेवटचा घाव घालतो. भोक कोरडंच. तो तिथेच मरतो, आणि मागून येणारं जहाज वाटेतूनच माघारी फिरतं.

बुवांनी कंदील पुस्तकाजवळ सरकवला. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"मागचं पान बघा."

"मागे जाहिरात आहे, बुवा."

"कसली?"

"दाढीच्या साबणाची."

बुवा उठले. छत्री दारातून काढताना तिची बाहेर आलेली काडी चौकटीत अडकली, तर इतक्या शांत माणसाने तिला जोरात हिसका दिला. असो म्हणायलाही विसरले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विहिरीवर गेलो. बुवांनी शेवट लावला. जनूभाऊची टाकी संपली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात उचलेना. तरी त्याने शेवटचा घाव घातला. भोकात हात घातला तर माती ओली! आणि मग बारीकशी धार! खाली घण थांबले नाहीत, उलट दुप्पट जोराने पडायला लागले. किसनने आरोळी ठोकली. हौसाबाईने पदर डोळ्यांना लावला. मी बुवांकडे बघत होतो, ते मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

परत जाताना मी म्हटलं, "बुवा, पोथीत आहे तेवढंच ना?"

"ती पोथी नाही. ते पुस्तक आहे," म्हणाले आणि इतक्या झपाझप चालायला लागले की मला गाठता आलं नाही.

कातळ अजून फुटायचा होता, पण जनूभाऊला लागलं तर आपल्यालाही लागणार या भरवशावर काम चालू राहिलं. आणि अशात एका सकाळी लाउडस्पीकर लावलेला टेम्पो बांधावर आला. काष्टीच्या बाजारतळावर तंबू पडला होता. मंगळाच्या चित्रपटाचा दुसरा भाग!

बुवांच्या हातून मस्टर पडलं.

पुढचे चार दिवस त्यांनी गावाला थोपवण्यासाठी काय नाही केलं! दिवस वाईट आहे म्हणाले. लोक म्हणाले, आमचा कोणता चांगला आहे? चित्रपटात चावटपणा आहे असं ऐकलं, म्हणाले. त्यामुळे जे जाणार नव्हते तेही तयार झाले. शेवटी त्याच संध्याकाळी कीर्तन लावलं. तेव्हा हौसाबाईच त्यांना न्यायला आली. "कीर्तन उंद्या करा. तुमचाच जनू हाय की त्यात. तुमी नगं का?"

बुवा आले. मरायला निघाल्यासारखा चेहरा करून आले. तंबूच्या दाराशी छत्रीवरून भांडण झालं. मिटवायला ते तयार नव्हते आणि मालक उघडी आत घेऊ देईना. अखेर ती बाहेर तंबूच्या खुंटीला बांधली. मालक पान खाणारा गरीबसा म्हातारा होता. त्या बिचाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच दृश्याला ठिणगी पडली. दुसऱ्या भागात नायकाचं काम करणारा नटच बदलला होता.

"ह्यो जनूभाऊ न्हाई!"

"जनूभाऊ आसा गुळगुळीत नव्हता."

"गोळ्या खाऊन वाळला आसंल."

"वाळून नाक बदलतं व्हय?"

मग कंपनीने पदरची एक सोनेरी केसांची बाई घातली होती. ती आल्याबरोबर हौसाबाई उभीच राहिली. "ही कुठून आली? ग्रंथात न्हाई ही! काय बुवा?"

"नाही," बुवा क्षीण आवाजात म्हणाले. एवढं तरी त्यांना खरं बोलता आलं.

"मंग ही गेली कशी तिथं? यस्टी लागती का?"

जनूभाऊने यंत्र लावलं तेव्हा विहीर खोदणारे सगळे पुढे सरसावून बसले. जागा चुकली, पहार वाकडी धरली, मुरूम दिसत असून हा खडकात कशाला शिरतोय, असं सारखं चाललं होतं. पाणी लागायची वेळ जवळ आली तसे मात्र सगळे गप्प झाले. टाकी संपली. शेवटचा घाव पडला. आणि जनूभाऊ मेला. सोनेरी बाई रडली, जहाज माघारी फिरलं, पडदा पांढरा झाला.

मग पहिली चप्पल पडद्यावर गेली.

"ग्रंथ बदलला!"

"पान्याचं रीळ कुठंय? मालक, पान्याचं रीळ लावा!"

"कापलं आसंल! नगरला दाखवत्यात अन् काष्टीला कापत्यात!"

हे शेवटचं सगळ्यांना एकदम पटलं. लोक मशीनवर धावले, डबे उघडायला लागले. किसनने मालकाची गचांडी धरली होती. म्हातारा पोराबाळांच्या शपथा घेत होता, की एवढंच आलंय हो पुण्याहून, मी कापलं नाही.

तेव्हा बुवा मशीनच्या बाकावर चढले. इतकी वर्षं पुराण सांगितलेला आवाज, तो सगळ्यांच्या वर गेला.

"सोड त्याला, किसन! चित्रपट बरोबर आहे. जनूभाऊ ग्रंथातसुद्धा मेलाय. पाणी लागलंच नाही. ते मी लावलं."

लोक थांबले. बुवांकडे बघायला लागले. मग किसन म्हणाला, "बगा, देवमानूस! मालकाला मार बसू ने म्हून सोताच्या अंगावर घेतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता आली का पंचाईत! खरं बोललेलं कुणाला खरं वाटेना. बुवांनी माझ्याकडे बोट केलं. "साहेबांना विचारा. ग्रंथ त्यांचा आहे."

मी सांगितलं. बुवा म्हणतात तसंच आहे, पुस्तकात माणूस मरतो आणि भोक कोरडंच राहतं.

किसनने मालकाची गचांडी सोडली. "म्हंजी आमी येवढं दिस कुनाच्या जिवावर खांदत हुतो?" त्याने हे ओरडून विचारलं नाही, म्हणून मला जास्त लागलं. बुवा बाकावरून उतरले. बाहेर जाऊन खुंटीची छत्री सोडली. माळवाडीपर्यंत सगळे चालत आलो, बुवा छत्रीसह सगळ्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. काठावर फक्त छत्री आणि तिच्या सावलीत बुवा. हजेरीचा सूर गेला. बँकेत टोकन पुकारतात तशी ते नावं घ्यायला लागले, आणि लोकांना ते सहन होईना, पण बोलायचं कुणी? किसनने गाठोड्यावरची धूळ झटकली. बाजार करून येतो आणि निघतो, असं तो सांगत होता. मला बुवांची फार कणव यायची. एका खोट्यासाठी एवढी शिक्षा मी तरी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

कोंडी फोडली हौसाबाईने. सकाळी हजेरीच्या वेळी ती टोपलं खाली ठेवून बुवांसमोर उभी राहिली.

"बुवा, जनूचं फुडं काय केलं?"

"काय करायचं?"

"दहाव्याचं म्हन्ते मी. येवढं दिस आपल्यात हुता. मेला तर मेला, पर त्याला तिकडं कोन हाय? ती सोन्याच्या केसांची काय पिंड ठिवनार हाय?"

बुवा म्हणाले, कल्पित माणसाचा दहावा शास्त्रात नाही. हौसाबाई म्हणाली, मग कल्पित मानसासाठी गावानं दंड मोडून घेतलं, ते शास्त्रात होतं का? बघता बघता सगळे गोळा झाले आणि मातीचं काम राहिलं बाजूला. मेल्याची तिथी कोणती? आपल्याला कळलं ती, म्हणजे तंबूची. गोत्र? ठाऊक नसेल त्याचं काश्यप धरतात. पिंड कोण देणार? सगळ्यांनी किसनकडे पाहिलं.

"मी जानार हाय," किसन म्हणाला.

"दहावा करून जा," हौसाबाई म्हणाली. "पळून चालला का?"

किसनचा चेहरा पडला. मिशी काढावी लागेल का, एवढंच त्याने विचारलं. बुवा म्हणाले, लांबच्याला नाही काढली तरी चालते. किती लांब ते साहेबांनी सांगावं, असं ठरलं. मी म्हटलं, मंगळ कोट्यवधी मैलांवर आहे. मग मिशी राहिली.

दहाव्या दिवशी विहिरीच्या काठी सगळं गाव जमलं. स्नानाला पाणी कुठलं? टँकरच्या पाण्यातला एक तांब्या बुवांनी दर्भाने सगळ्यांवर शिंपडला. किसनने पिंड ठेवला. बुवा पिंडाजवळ बसले आणि नेहमीप्रमाणे छत्री शेजारी टेकवली.

कावळा शिवेना.

एक कावळा होता, वाळक्या बाभळीवर. त्या साली कावळेसुद्धा उपाशीच. भाताकडे बघून तो मान वाकडी करी, दोन उड्या मारून जवळ येई आणि परत फांदीवर. बायका कुजबुजायला लागल्या. जनूभाऊची इच्छा राहिलीय.

मग लोक एकेक करून त्याला वचन द्यायला लागले. एकाने सांगितलं, आमी तो पिक्चर पुन्हा बघनार न्हाई. कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, मालकाची माफी मागतो. कावळा पंख साफ करत बसला. हौसाबाईने सांगितलं, त्या बाईला मी नावं ठिवनार न्हाई. कावळ्याने तिच्याकडे पाठ केली.

ऊन डोक्यावर आलं. मी उगाच कावळ्याकडे बघत होतो, आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. तो भाताला भीत नव्हता, माणसांना भीत नव्हता. दरवेळी जवळ येऊन बुजत होता तो पिंडाशेजारच्या त्या उघड्या छत्रीला! मी तोंड उघडणार एवढ्यात बुवांनी माझ्याकडे पाहिलं. पोथी चालू असताना कुणी मध्ये बोलला तर ते असे बघायचे. मी तोंड मिटलं.

"दर्भाचा कावळा करा अन् लावा बुवा," किसन म्हणाला. "मला जायचंय."

"थांबू जरा," बुवा म्हणाले.

किसन घामाने निथळत होता. पिंडाकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हात जोडले आणि भांडायला उठल्यासारखा बाभळीकडे बघून बोलला, "ऐक रं जनूभाऊ! तुजं भोक ऱ्हायलं ते ऱ्हायलं. ही हिर आमी पुरी करनार. पानी लागंस्तवर मी गाव सोडत न्हाई. आता तरी झालं का तुज्या मनासारखं?"

बुवांनी छत्री उचलली आणि मिटली.

कावळा फांदीवरून सरळ पिंडावर आला. बायकांनी हुंदके दिले. किसन खाली बसला आणि मोठ्याने रडला. मलाही रडू आलं, कारण मला छत्रीचं ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी घण पुन्हा सुरू झाले. कथा नव्हती, तरी चालू राहिले. कातळ फुटायला बरेच आठवडे लागले. एके दिवशी किसनच्या पहारेला ओली माती चिकटून आली आणि मागोमाग करंगळीएवढी धार. फार नव्हती, पण गावाला पिण्यापुरती होती. हौसाबाईने पहिला घोट घेऊन सांगितलं, "मचूळ हाय. पर आपलं हाय." गावातून कुणी गेलं नाही.

मी बुवांना गाठून विचारलं, "छत्री बरोबर त्याच वेळी का मिटलीत?"

"ऊन उतरलं होतं."

"भर बाराला?"

"असो," बुवा म्हणाले.

तांबट खरं बोलला होता. ती छत्री पुन्हा उघडली नाही. बुवा ती मिटलेलीच काठीसारखी टेकत उन्हातून चालायचे. "काय बुवा, कुठं पडतोय?" हे मात्र लोकांनी चालू ठेवलं.

माझी बदली शेवगावला झाली. काही वर्षांनी, भाद्रपदात, काष्टीकडे काम निघालं म्हणून वाट वाकडी करून माळवाडीला गेलो. बुवा घरी नव्हते. काकू म्हणाल्या, पितृपक्ष आहे, विहिरीवर गेलेत. विहिरीला आता पायऱ्या बांधल्या होत्या आणि त्या साली पाऊस बरा झाल्यामुळे पाणी बरंच वर होतं. काठावर मिटलेली छत्री टेकवलेली होती. बुवा शेवटच्या पायरीवर ओणवे बसून तर्पण करत होते. फार थकले होते, पण हजेरीचा तो सूर परत आला होता. वडिलांचं नाव घेऊन ओंजळ सोडली. आजोबांचं घेऊन सोडली. पणजोबांचं घेऊन सोडली. मला वाटलं, आता उठतील, म्हणून हाक मारायला पुढे झालो.

बुवांनी आणखी एकदा ओंजळ भरली. या वेळी अगदी काठोकाठ भरली, थेंबसुद्धा सांडू नये अशी जपून वर धरली.

"काश्यपगोत्रं जनार्दनं स्वधा नमस्तर्पयामि," म्हणाले, आणि ते पाणी सावकाश विहिरीत सोडलं.

मी हाक मारली नाही. चपला काढून वरच उभा राहिलो.